निधी भरून निघाला, आजींचं काय?

एका ताईंनी पत्रातून सल्ला विचारला आहे. पत्र थोडक्यात असं आहे:

"मी विक्रोळीला राहते. आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) महिला मंडळाची सहा वर्षं खजिनदार आहे. वर्गणी, हार्वेस्ट सणाचा स्टॉल, नाताळच्या फराळाची विक्री, सगळे पैसे माझ्याच यूपीआयवर येतात आणि मी ते वहीत लिहिते. त्यातला काही भाग विधवा बहिणींच्या मदतीसाठी असतो. गेल्या वर्षी मुलाच्या इंजिनिअरिंग प्रवेशाची शेवटची तारीख आली आणि नेमका ह्यांचा पगार दोन महिने अडकलेला. मी निधीतले ३०,००० रुपये फीला भरले. चार महिन्यांत पै न पै परत ठेवली. वही जुळते. कोणाला काही कळलं नाही. मधल्या काळात एका आजींनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ७,००० मागितले होते, त्यांना 'निधी सध्या कमी आहे' असं सांगावं लागलं. त्यांची नंतर कुठून तरी सोय झाली म्हणे. मी देवाजवळ रडून क्षमा मागितली आहे. तेव्हापासून अर्पणाच्या पाकिटात नेहमीपेक्षा जास्त घालते. आता मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीच्या निवडणुकीत खजिनदार म्हणून सगळ्यांनी माझंच नाव पुढे केलंय. ह्यांचं म्हणणं, परत केलेस ना, विषय संपला. दावीद राजासुद्धा स्तोत्रात देवाला म्हणतो की मी केवळ तुझ्याविरुद्ध पाप केलं. मग माणसांना सांगायची खरंच गरज आहे का? घरात मुलीच्या सोयरिकीचं बोलणं चाललंय. की गुपचूप सगळ्याच सेवेतून बाजूला होऊ? संडे स्कूलचा वर्गही मीच घेते."

प्रिय ताई,

प्रभूच्या नावात सलाम.

तुमच्या पत्रात तीस हजारांची सगळी हकिगत आहे. कधी घेतले, का घेतले, कधी परत ठेवले, वही कशी जुळते. आजींना मात्र दीड ओळ मिळाली आहे, आणि तीही "असं सांगावं लागलं" अशी, जणू दुसऱ्याच कोणी तुमच्या तोंडून ते वदवून घेतलं. तुमचा प्रश्न देवाला आणि कमिटीला धरून आहे. मी आजींपासून सुरुवात करणार आहे, कारण या प्रकरणात ज्यांचं खरोखर काही गेलं त्या आजी आहेत. कमिटीचं अजून काहीच गेलेलं नाही.

निधी भरून निघाला हे खरं. पण तो ठेवला कशासाठी होता? एखादी विधवा बहीण दारात येईल त्या दिवशी तो हाताशी असावा म्हणून. ती बहीण आली आणि त्याच दिवशी तो हाताशी नव्हता. मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबलं म्हणून सहसा डोळा जात नाही, हे मलाही माहीत आहे. तरी विक्रोळीच्या रेल्वे पुलाच्या पायऱ्या धुरकट डोळ्यांनी चढून बघा, खाली गर्दी, वर गर्दी, आणि पायरी नेमकी कुठे संपते ते दिसत नाही. ते काही महिने तुमच्या वहीत कुठेही लिहिलेले नाहीत. "कुठून तरी सोय झाली" असं तुम्ही लिहिता. कुठून झाली? पुतण्याकडून, शेजारणीकडून, भिशीतून, की व्याजाने? हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि ते विचारायला तुम्ही गेला नाहीत, यावरूनच कळतं की मन कुठे बोचतंय ते तुम्हाला नेमकं ठाऊक आहे.

माझी सारी नोकरी बँकेतच झाली, त्यामुळे "तात्पुरते घेतले होते" हे वाक्य मी पुष्कळांच्या तोंडून ऐकलं आहे. बोलणारी माणसं बहुतेक वेळा सरळ असतात. परत करायचेच होते, मग घेतले असं कसं म्हणता, असा त्यांचा सूर असतो. आपला कायदा मात्र याबाबत फार जुन्या काळापासून स्पष्ट आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ४०३ खाली पहिलंच स्पष्टीकरण असं होतं की अप्रामाणिक अपहार थोड्या काळापुरता असला तरी तो अपहारच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यातल्या कलम ३१४ मध्येही ते कायम आहे. तुम्हाला घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. परत केलेल्या तीस हजारांसाठी कोणी पोलीस ठाण्याची पायरी चढावी असं माझं मुळीच मत नाही. पण "परत केलेस ना, विषय संपला" हे तुमच्या ह्यांचं म्हणणं कायद्यालाही मान्य नाही, मग शास्त्राला ते मान्य असेल असं कसं धरायचं?

आता दावीद. एक्कावन्नाव्या स्तोत्रातलं ते वाक्य आपल्या मंडळ्यांत बऱ्याच जणांनी ढालीसारखं वापरलेलं मी पाहिलं आहे. त्यातून असं धरलं जातं की पाप देवाविरुद्ध, कबुली देवाजवळ, माणसांचा संबंध नाही. पण त्याच स्तोत्राच्या माथ्यावर काय लिहिलंय ते बघा. नाथान संदेष्टा आला होता, बथशेबेचं प्रकरण होतं, आणि हे स्तोत्र मुख्य गवयासाठी आहे. म्हणजे राजाने आपली कबुली उशीत तोंड खुपसून केली आणि तिथेच ठेवली असं झालेलं नाही. ती गायक मंडळींच्या हाती दिली, सगळ्या लोकांनी म्हणावी म्हणून. आणि बथशेबेचा नवरा उरिया, त्याच्याकडे दावीद गेला नाही, कारण उरिया जिवंत नव्हता. तुमच्या आजी जिवंत आहेत, तुमच्याच मंडळीत आहेत, आणि रविवारी बहुधा दोन बाकं पुढे बसत असतील.

देवाने क्षमा केली का, याबद्दल शंका घेणारा मी कोण? केली असेल. केली आहे असंच मी धरतो. पण क्षमा झाली म्हणजे बाकीचे हिशेब आपोआप मिटले असं शास्त्र कुठेच म्हणत नाही. जुन्या करारातल्या लेवीयच्या सहाव्या अध्यायात कोणाच्या ठेवीबाबत खोटं बोललेल्या माणसाला काय सांगितलंय? मुद्दल परत कर, त्यावर पाचवा हिस्सा घाल, आणि तो ज्याचा त्याला दे. दोषार्पणाचा मेंढा त्यानंतर येतो. गणनेच्या पाचव्या अध्यायातही कबुली आणि पाचवा हिस्सा एकाच दमात सांगितले आहेत. आणि प्रभूने तर मत्तयाच्या पाचव्या अध्यायात वेदीपाशी पोहोचलेल्या माणसालाच मागे फिरवलं आहे. दान तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये.

म्हणूनच अर्पणाच्या पाकिटाबद्दलचं तुमचं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. ताई, ते वाढीव पैसे थांबवा. देवाला त्यांचा राग असेल असं नाही, पण तुम्ही ते कशासाठी घालताय? ज्या बाईचं देणं आहे तिच्या दारावरून पुढे जाऊन देवाच्या पेटीत जास्त टाकलं की आतलं बोचणं आठवडाभर गप्प राहतं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तुमच्या तीस हजारांचा पाचवा हिस्सा होतो सहा हजार. हा नियम म्हणून मी तुमच्यावर लादत नाही, ख्रिस्ती माणूस लेवीयच्या तराजूने मोजला जात नाही हे मलाही कळतं. तरीही तुम्ही मंडळाचे पैसे चार महिने वापरले, आणि कोणीतरी त्याची किंमत मोजली. ती किंमत काय होती ते आजींकडून समजून घ्या, आणि ती भरून द्या. जकातदार जक्कयाने लुबाडलेल्यांना चौपट देतो म्हटलं तेव्हा तो आकडा लोकांसमोर, तोंडाने, उभं राहून बोलला होता. दानपेटीत गुपचूप नोट सरकवली नव्हती.

आजींकडे जाल तेव्हा एकट्या जा. फळांची पिशवी, मिठाईचा पुडा असलं काही नेऊ नका, नाहीतर बोलणं सुरू होण्याआधीच आजी तुमच्या उपकाराखाली येतील. बसल्यावर फार वेळ इकडचं तिकडचं न बोलता सांगा, "आजी, तुम्ही पैसे मागितलेत तेव्हा निधी कमी नव्हता. तो मी माझ्या घरात वापरला होता. तुम्हाला मी खोटं सांगितलं." इथे थांबा. "पण मुलाची फी होती" हे वाक्य जिभेवर येईल, ते गिळा. ते खरं आहे, पण त्याने तुमचं दुःख त्यांच्या दुःखापुढे जाऊन उभं राहतं. आणि रडू आवरा, शक्य असेल तितकं. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका समोरची रडली की लगेच तिच्या पाठीवर हात फिरवतात, "जाऊ दे गं पोरी, देवाने बघितलं ना" म्हणतात, आणि आपण हलकं मन घेऊन घरी येतो. त्यांचं ऑपरेशन कसं झालं, पैसे कोणाचे होते, फेडले का, हे विचारायचं राहूनच जातं. ते विचारायलाच तर तुम्ही गेला होतात. कर्ज अजून बाकी असेल तर ते तुमचं समजा. आजींनी माफ केलं नाही, तोंड फिरवलं, तर तोही त्यांचा हक्क आहे. तुम्ही परत कधीतरी जा.

आता पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, आणि मंडळ. माझ्या मते ज्यांचा विश्वास वापरला गेला त्यांना कळलं पाहिजे, बाकीच्यांना नाही. विश्वास आजींचा होता, आणि महिला मंडळाचा होता. तेव्हा पाळकसाहेबांना आणि मंडळाच्या अध्यक्षाबाईंना सांगा, आणि त्या दोघांच्या सल्ल्याने मंडळाच्या बैठकीत. रविवारच्या साक्षीच्या वेळी उभं राहून माइकवर सांगू नका. साक्षीच्या वेळी सांगितलेली पापं बहुधा विजयाच्या गोष्टीसारखी ऐकू येतात आणि लोक शेवटी "हालेलुया" म्हणतात. तुमच्या या गोष्टीला अजून हालेलुया म्हणण्यासारखं काही झालेलं नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर एक अक्षरही नको.

पाळक चांगले असतील तर एक धोका आहे, तोही सांगून ठेवतो. ते ऐकून घेतील, डोळे मिटून प्रार्थना करतील आणि म्हणतील, "झालं ते झालं ताई, आपल्या दोघांतच राहू द्या." त्यांना तुमची कीव येईल, शिवाय निवडणुकीच्या तोंडावर नवं झेंगट त्यांनाही नको असेल. तुम्हाला त्या क्षणी स्वर्ग दोन बोटं उरल्यासारखं वाटेल. तरी नम्रपणे म्हणा की अध्यक्षाबाईंना सांगायचंच आहे, तुम्ही सोबत असाल तर बरं. पाळकांची बदली होते. त्यांच्या मनात राहिलेली गोष्ट त्यांच्या सामानासोबत दुसऱ्या गावी जाते, आणि मंडळापाशी काहीच उरत नाही. मंडळाच्या इतिवृत्तात दोन ओळी आल्या पाहिजेत. किती रक्कम, कोणत्या तारखेला काढली, कोणत्या तारखेला भरली. फीचं कारण, मुलाचं नाव, घरची परिस्थिती यातलं काहीही त्यात नको. मुलाला तर हे आत्ता सांगूच नका. त्याची फी त्याने चोरलेली नाही, आणि विशीच्या आतल्या पोराने हे ओझं घेऊन परीक्षेला बसावं असं कोणतंही शास्त्र सांगत नाही.

ह्यांना मात्र जाण्याआधी सांगा. परवानगी मागायला म्हणून सांगू नका, दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकायची वेळ त्यांच्यावर येऊ नये म्हणून सांगा. ते चिडतील. पगार अडकल्याचं ओझं त्यांच्याही मनावर आहे. तुमच्या कबुलीत त्यांना स्वतःची कमाई उघडी पडल्यासारखी वाटेल. "विषय संपला" असं ते घाईने म्हणतात त्यामागे मला हेच दिसतं.

आणि सोयरीक. इथे तुम्हाला गोड उत्तर देता येणार नाही. आपला मराठी ख्रिस्ती समाज केवढा? भायखळ्यात शिंक आली की संध्याकाळपर्यंत नगरला रुमाल काढतात. मंडळाच्या बैठकीत दहा बायका असतील तर त्यातली एक तरी घरी जाऊन बोलेल, आणि ते बोलणं स्थळापर्यंत पोहोचणारच नाही अशी हमी मी देऊ शकत नाही. एवढंच म्हणतो की आज कळलं तर "तिने स्वतः सांगितलं" असं कळेल. लग्नानंतर तीन वर्षांनी, कुणी जुनी बँक स्टेटमेंटं चाळताना कळलं, तर ते वाक्य कोणी बोलणार नाही. मुलीसाठी कोणतं बरं, याचा विचार तुम्ही आई म्हणून करा. स्थळवाल्यांना आपण होऊन सांगायला जायची गरज नाही, पण त्यांनी विचारलं तर नाकारू नका.

इतका वेळ तुमच्याबद्दल बोललो. आता तुमच्या महिला मंडळाबद्दल, आणि इथे माझा आवाज थोडा चढणार आहे.

सहा वर्षं एका बाईच्या खाजगी खात्यात सगळ्यांचे पैसे येतात, त्याच खात्यातून तिचं रेशन भरलं जातं, मुलाची फी जाते, गॅसचं बिल जातं, आणि वर्षातून एकदा वार्षिक सभेत ती वही वाचून दाखवते. सगळ्याजणी "मंजूर, मंजूर" म्हणतात आणि समोसे फिरू लागतात. याला विश्वास म्हणायचं की आळस? मी तरी आळस म्हणेन. तुमची चूक तुमचीच आहे, तिचा एक रुपयाही मी मंडळाच्या नावावर टाकत नाही. पण मंडळाने तुम्हाला दर महिन्याला मोहात नेऊन बसवलं, आणि वर "आमच्या ताई म्हणजे सोनं" म्हणून गळ्यात हार घातला.

असं बोललं की कोणीतरी हमखास बायबलमधल्या राजांच्या दुसऱ्या पुस्तकातला बारावा अध्याय काढतं. मंदिराच्या दुरुस्तीवर काम करणाऱ्यांकडून हिशेब घेत नसत, कारण ते सचोटीने वागत. पंधरावी ओवी, बरोबर. पण त्याच अध्यायाची सुरुवात वाचा. योवाश राजाने दुरुस्तीसाठी पैसे घ्या म्हणून याजकांना सांगितलं होतं, आणि त्याच्या कारकिर्दीचं तेविसावं वर्ष उजाडलं तरी भिंती तशाच होत्या. तेव्हा यहोयादा याजकाने पेटी आणली, झाकणाला भोक पाडलं, वेदीपाशी ठेवली. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघे येऊन पैसे मोजत आणि थैल्यांत बांधत. एक राजवाड्याचा माणूस, एक मंदिराचा. पैसे दोघांनी मोजल्यावर कारागिरांच्या हाती जात. पंधराव्या ओवीतला विश्वास त्या मोजणीनंतरचा आहे. अर्धा अध्याय वाचून मंडळ्या चालवायच्या नसतात.

याहून मला आवडतो तो बायबलमधला याजक एज्रा. बाबेलहून यरुशलेमेचा रस्ता सुमारे चार महिन्यांचा, बरोबर ६५० किक्कार (वजनाचं जुनं माप) चांदी आणि १०० किक्कार सोनं. वाटेत लुटारू. राजाकडे स्वार मागायची त्याला लाज वाटली, कारण आमचा देव राखतो असं तो राजाला आधीच बोलून बसला होता. म्हणून उपास केला आणि स्वारांशिवाय निघाला. इतका विश्वासाचा माणूस! पण निघण्याआधी याच माणसाने बारा प्रमुख याजक निवडले आणि चांदी-सोनं तोलून त्यांच्या ताब्यात दिलं. पोहोचल्यावर चौथ्या दिवशी मंदिरात पुन्हा सगळं तोललं आणि वजन लिहून ठेवलं. लुटारूंच्या बाबतीत देवावर सोडलं, याजकांच्या बाबतीत तराजू सोडला नाही. आणि तराजू पाहून त्या बारांपैकी कोणी "आमच्यावर संशय घेता?" म्हणून फुरंगटून बसल्याचं लिहिलेलं नाही. प्रेषित पौलानेही यरुशलेमेच्या गरिबांसाठीची वर्गणी नेताना मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतली, आणि करिंथकरांना कारण सांगून टाकलं की कोणी आमच्यावर बोट ठेवू नये. प्रभूपुढे योग्य ते तर करायचंच, माणसांपुढेही.

१८१३ साली अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, तेव्हापासून पुढे कितीतरी वर्षं आपल्याकडच्या कामाचे अहवाल समुद्रापार बोस्टनला, त्यांच्या मुख्य कचेरीला, जात राहिले. पैसा तिकडून, हिशेबही तिकडे. १९७० साली अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली तोवर आपल्या मंडळ्या आपल्या पायांवर उभ्या राहिल्या होत्या, त्याचा अभिमान आहेच. पण साहेबाला हिशेब देण्याची सवय सुटली, आणि शेजारी बसणाऱ्या बहिणीला हिशेब देण्याची सवय काही ठिकाणी लागलीच नाही. शेजारणीने वही मागितली की अपमान वाटतो.

तेव्हा मंडळात हे सांगाल तेव्हा एक मागणी तुम्हीच करा. मंडळाच्या नावाने, किंवा पास्टरेटच्या परवानगीने, वेगळं खातं उघडा. ठराव, दोन सह्या, केवायसीचे कागद, पंधरा-वीस दिवस जातील, जाऊ द्या. क्यूआर कोड त्या खात्याचा. रोख आली की पावती फाडायची, आणि महिनाअखेर खजिनदार सोडून दुसऱ्या कोणीतरी वही, पासबुक आणि रोकड समोरासमोर ठेवून सही करायची. मदत मागणारी बहीण आली तर हो किंवा नाही हे एकट्या खजिनदाराने सांगायचं नाही. दोघींनी ठरवायचं. तुमच्या वेळी हा एवढा एक नियम असता तर आजींना ते खोटं ऐकावं लागलं नसतं. पहिल्या मंडळीतही पहिली कुरकुर विधवांच्या वाटपावरूनच झाली होती, प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात. प्रेषितांनी त्यासाठी एक भला माणूस नेमला नाही, सात नेमले.

आता निवडणूक आणि सेवा. या वर्षी पास्टरेटचं खजिनदारपद घेऊ नका. कोणी हट्ट केला तरी नको, पाळकांनी "सगळं माफ झालंय" म्हटलं तरी नको. ही शिक्षा समजू नका. ज्यांना गोष्ट माहीत नाही ते तुम्हाला मत देणार, आणि ते मत कशासाठी देतोय हे त्यांना ठाऊक नसणार. पैशांपासून काही वर्षं लांब राहा. पुढे कधी मंडळीने, सगळं माहीत असताना, पुन्हा विचारलं तर तेव्हाचं तेव्हा बघू.

पण "सगळ्याच सेवेतून गुपचूप बाजूला होऊ का" याला माझं उत्तर सरळसरळ "नाही" असं आहे. गुपचूप बाजूला होणं सोपं असतं. "घरची जबाबदारी वाढलीय" म्हटलं की लोक मान डोलावतात, आणि एका खोट्यावर दुसरं खोटं बसतं. सहा वर्षं तुम्ही राजावाडी रुग्णालयात आजारी बहिणींना भेटायला गेला असाल, हार्वेस्टच्या लिलावात एका नारळाला शेकड्यांनी बोली लागेपर्यंत घसा फोडला असेल, पहाटे उठून स्टॉलसाठी करंज्या तळल्या असतील. ते सगळं खोटं नव्हतं, आणि ते या एका गोष्टीने पुसलंही जात नाही. पौलाचा सोबती योहान मार्क पंफुल्यातून काम अर्धवट टाकून घरी परतला तेव्हा पौल त्याच्यावर इतका नाराज झाला की पुढच्या फेरीला त्याला सोबत घ्यायला त्याने साफ नकार दिला. त्यावरून पौलाचं सहकारी बर्णबाशी भांडण झालं आणि दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. पण आयुष्याच्या शेवटी तुरुंगातून तीमथ्याला लिहिताना तोच पौल म्हणतो, मार्काला बरोबर आण, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. मधली वर्षं मार्क कुठेतरी काम करत राहिला होता, बर्णबाबरोबर कुप्रात गेला होता. घरी बसून राहिला असता तर पौलाला आठवायला काही उरलं नसतं.

संडे स्कूलचं म्हणाल, तर पाळकांना सगळं सांगून झाल्यावर त्यांनाच विचारा. त्यांनी काही महिने थांबा म्हटलं तर वाद न घालता थांबा, आणि त्या काळात मुलांच्या वर्गात सतरंज्या घालायला, हजेरी घ्यायला जात राहा. त्यांनी चालू ठेवा म्हटलं तर चालू ठेवा.

उमेदवारी मागे घेण्याची घाई मात्र करू नका. आधी आजींकडे जा, मग पाळक आणि अध्यक्षाबाई, आणि त्यानंतर नाव मागे घ्या. क्रम उलटा केलात तर "का मागे घेतलंत?" असं कोणीतरी विचारेल आणि तुम्हाला काहीतरी कारण रचून सांगावं लागेल. अर्ज मागे घेण्याची शेवटची तारीख तुम्ही लिहिलेली नाही. ती जवळ असेल तर आजींकडे याच आठवड्यात जा.